कुष्ठरोग्यांना ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आरोग्याच्या पानावर कुष्ठरोगाबद्दल जे छापलंय ते वाचल्यापासून डोकं फिरलंय. प्रतिकारशक्ती कमी झाली की हा रोग होतो, मग ती वाढवा, गुळवेल घ्या, आवळा घ्या, जंतू आपोआप मरतील. कुठल्या डॉक्टरांना विचारून छापलंत हे? तुमचा पेपर निपाणीत घराघरात जातो आणि छापून आलंय म्हणजे खरं असंच लोक धरून चालतात, म्हणून लिहायला बसले.

मी हायस्कूलला सायन्स शिकवते. हा जंतू अंगात शिरला की त्याला गिळून मारायला ज्या पेशी धावतात, मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. चोरानं पोलीस चौकीतच मुक्काम ठोकावा तसं. तो त्या पेशीला चरबी साठवायला लावतो आणि त्या चरबीतच वाढतो, वाढतो तेही इतकं सावकाश की एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात, त्यामुळं लक्षणं दिसायला कधी पाच वर्षं तर कधी वीस. ज्यांच्या अंगात जंतू खूप असतात त्यांची प्रतिकारशक्ती काम करतच असते, पण भलतंच काम. 2013 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी सायन्स या मासिकात दाखवून दिलं की अशा पेशंटच्या डागांत व्हायरसशी लढताना कामाला येणाऱ्या इंटरफेरॉन नावाच्या शरीरातल्याच प्रथिनाचा जोर असतो, आणि व्हिटॅमिन डीच्या आधारानं जंतू मारायची पेशीची जी यंत्रणा असते ती त्या इंटरफेरॉनमुळंच दबते. आता सांगा, तुमच्या काढ्यानं यातलं नेमकं काय वाढवायचं?

हे मला पुस्तकात वाचायच्या आधी घरात बघावं लागलं. माझ्या आत्यानं जन्मभर बिड्या वळल्या. तिला डाग आले, सरकारी दवाखान्यातनं गोळ्यांची पाकिटं चालू झाली, सगळं बरं चाललं होतं आणि मधेच रिॲक्शन आली. डाग लालभडक होऊन सुजले, कोपराजवळची नस इतकी ठणकायला लागली की हात टेकवता येईना. रिॲक्शन म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती नसेत शिरलेल्या जंतूंवर, अगदी मेलेल्यांच्या तुकड्यांवरसुद्धा तुटून पडते आणि त्यात नस कामातनं जाते. तिथं प्रतिकारशक्ती दाबावी लागते, म्हणून डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी दिली. गल्लीतल्या एकानं असलंच एक कात्रण आणून दाखवलं, स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती जाते म्हणून. आत्यानं कुणाला न सांगता त्या स्टेरॉइडच्या गोळ्या बंद केल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं झालं ते कायमचंच. मांडीवर सूप घेऊन बसली की पान वळायचं कसंबसं, पण दोरा गुंडाळायच्या वेळी ती करंगळी आडवी यायची, कारखान्यात बिड्या छाटात जायच्या आणि पैसे कापले जायचे. चुलीवरचं भांडं तसंच हातानं उतरवायची, चटका बसलेला कळायचाच नाही, फोड दिसला की मग कळायचं. नस वाचवायला ते औषध वेळेत आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घ्यावं लागतं, ही एक ओळ त्या कात्रणात असती तर तिचा हात राहिला असता.

आणि आता विषय निघालाच आहे तर, आमच्याकडं, कर्नाटकात, कुष्ठरोगाची माहितीपत्रकं वाटतात ती निव्वळ कन्नडमध्ये. आत्याला मराठीसुद्धा अक्षर जुळवत वाचावं लागायचं, ती कन्नड पत्रक काय वाचणार? घरी येणाऱ्या आशाताई बिचाऱ्या तोंडी सांगतात, पण त्यांनी किती घरं करायची? 2005 च्या शेवटी प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं म्हणून देशानं जाहीर केलं आणि लोकांना वाटतं रोगच संपला. मराठीतनं वाचायला तुमचाच पेपर उरतो हो, त्यात पण हे!

त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. न दुखणारा, स्पर्श न कळणारा डाग असेल तर सरकारी दवाखान्यात जायचं, औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर पुरं करायचं. मधेच नस दुखली, हातापायातली ताकद कमी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आणि स्टेरॉइड दिलं तर आपल्या मनानं बंद करायचं नाही.

एक शिक्षिका, निपाणी