मनूस पत्र

चि. मनू,

काल रात्री दीड वाजता तू फोन आपटलास, त्यानंतर डोळ्याला डोळा लागला नाही. तू विचारलंस क्वेरीचं आणि मी विचारत बसले, जेवलीस का, परतायला गाडी आहे का. आज तुझ्या जागरणांबद्दल एक शब्द लिहायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

तुझा रिपोर्ट का रखडला ते सांगते. सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत डेटाला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची लिंक (LINQ) नावाची सोय आहे. तिच्यात फ्रॉम, व्हेअर, सिलेक्ट लिहून झालं की ती नुसती भाजीची यादी असते. बाजारात अजून कोणी गेलेलं नसतं. फॉरईचने एकेक ओळ फिरवलीस, काउंटने मोजलंस, टूलिस्टने निकाल हातात घेतलास की मग पिशवी घेऊन निघायचं. तू त्याच क्वेरीवर आधी काउंट, मग फॉरईच, शेवटी सम केलंस. डेटाबेसकडे तीन खेपा झाल्या गं! एकदाच टूलिस्ट कर आणि पुढचं सगळं त्या लिस्टवर. पण व्हेअरच्या, म्हणजे निवडीच्या अटीच्या, नंतर हं. आधी केलंस तर आख्खं टेबल मेमरीत येईल आणि निवडणं तिथे होत बसेल. हे असं अर्धवट झोपेत सुटतंच, म्हणून म्हणते की दहानंतर कोड...

नाही. राहू दे.

ही लिंक घेऊन सी शार्प ३.० आलं २००७च्या शेवटी. तोवर आम्ही लूपमध्ये लूप, त्यात इफ, असंच लिहायचो. डेटाबेसच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, सिलेक्ट आधी, इथे फ्रॉम आधी, याचा मला भारी राग यायचा. मग कळलं, डेटा कुठला ते आधी सांगितलं की एडिटरला पुढची नावं सुचवता येतात. तू तीन वर्षांची होतीस, अंगावर गोवर, माझ्या मांडीवर. स्क्रीनवर बोट ठेवून 'फ्लॉम' म्हणायचीस. मीही तेव्हा रात्र रात्र जागायचे. त्याचं पुढे काय झालं ते आप्पांना विचार.

बघ, आले पुन्हा तिथेच. रागावू नकोस.

तू पाठवलेला कोड मात्र दोनदा वाचला. ग्राहकांचे ग्रुप बायने गट, आणि प्रत्येकाची थकबाकी 'लेट' (let) या शब्दाने एकदाच मोजून, नाव देऊन ठेवलेली. इतकं स्वच्छ मला तुझ्या वयात जमलं नव्हतं. बाबांनाही दाखवलं, त्यांना काही कळलं नाही, तरी बराच वेळ बघत होते.

लोहाच्या गोळ्या निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहेत. चहाबरोबर घेऊ नकोस. खोलीवर पोचलीस की कितीही वाजले तरी एक मेसेज टाक.

आई