अडावदच्या पुढे भेटलेल्या बाबांस

वैशाखातल्या भर दुपारी, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपडा सोडून मी यावलकडे निघालो असताना, १८ किलो सामान लादलेल्या माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचे दोन आरे गिअरच्या बाजूने तुटले आणि चाक फ्रेमला घासू लागले. त्या बाजूचे आरे बदलायचे तर गिअरच्या चकत्या उतरवाव्या लागतात, आणि त्याचे हत्यार माझ्याजवळ नव्हते. (सहा वर्षे लांबचे प्रवास करणाऱ्याने ते विसरावे, हे लाजिरवाणेच.)

अडावदच्या पुढे, केळीच्या बागेलगत पंक्चर काढणाऱ्या एका वृद्ध बाबांनी चाक फिरवून पाहिले. जुन्या सायकलचे आरे घेऊन त्यांनी पकडीने त्यांची टोके अशी वळवली की ती हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात बाहेरूनच अडकली, चकत्यांना हात लावावा लागला नाही. मग तासभर चाकाला कानाशी धरून, एकेक आरा छेडत त्यांनी आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढला.

तोवर घरातल्या ताईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. बाबांनी पैसे घेतले ते फक्त दोन आऱ्यांचे.

त्याच चाकावर मी बऱ्हाणपूर गाठले. नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर आभार.