वलगणीच्या माशांना थोडी वाट सोडा

संपादक साहेब, नमस्कार.

जून आला की तुमच्या पेपरात वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यात चढणाऱ्या माशांचे फोटो येतात, मी इकडे सिएटलजवळ बसून ते ऑनलाईन बघतो आणि रोह्याकडचा आमचा ओढा डोळ्यासमोर येतो. इथेही अशीच वलगण असते, फक्त ती वसंतात. इथला स्टीलहेड मासा म्हणजे रेनबो ट्राउट हा नदीतला मासाच, पण समुद्रात दोन-तीन वर्षं काढून मोठा झालेला, अंडी घालायला परत नदीत चढतो. इथला सॅमन अंडी घातली की मरतो, हा मरेलच असं नाही, वाचला तर पुन्हा येतो, म्हणून एकेक मादी लाखमोलाची.

मागे एका एप्रिलात सीझन चालू असताना स्कॅजिट नदीत गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभा होतो. समोर तळाला खाटेएवढा पट्टा एकदम स्वच्छ, आजूबाजूचे गोटे सगळे शेवाळलेले. तिथे मादी कुशीवर होऊन शेपटीने गोटे उडवत होती, दर फटक्याला पोट चमकायचं. मी पुढे सरकणार तेवढ्यात काठावरचा म्हातारा ओरडला, तिथे पाय देऊ नकोस, खाली अंडी आहेत! गळ गुंडाळला आणि मागे फिरलो.

इथे खूण म्हणून पंख कापलेला हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेला मासाच घरी नेता येतो, जंगली सोडायचा, तोही पाण्याबाहेर पूर्ण न उचलता. तरी प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलजवळच्या खाडीचा स्टीलहेड २००७ पासून धोक्यातल्या यादीत आहे. पण एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली आणि मासा परत वर चढायला लागला, वाट मिळाली की येतो तो.

आपल्याकडे समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, आणि ओढ्यात त्याच दिवसांत गाबोळीने पोट फुगलेला मासा टोपल्या भरून. मीही आजोबांबरोबर पेट्रोमॅक्स घेऊन जायचो, त्यामुळे खाऊ नका असं माझ्याच्याने म्हणवणार नाही. पण आजोबा एका बाजूला हातभर वाट मोकळी ठेवायचे. गेल्या खेपेला गावी बघितलं तर या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचं जाळं, एक मासा वर जाईल तर शपथ.

यंदा फोटो छापाल तेव्हा शेजारी एवढं छापा, की जाळं अर्ध्या ओढ्यापर्यंतच लावा आणि पहिले दोन दिवस मासा चढू द्या.

तुमचा एक वाचक, सिएटल (मूळचा रोह्याचा)