गोळी असली तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नका

महोदय,

कर्करोगाची ‘टार्गेटेड’ गोळी म्हणजे केमो नव्हे, तेव्हा प्रतिकारशक्तीला धक्का नाही, हा समज इंदूरच्या मराठी घरांतही ऐकू येतो. तो घातक आहे. या औषधांचा नेम एखाद्या प्रथिनावर असतो आणि ते प्रथिन बहुधा निरोगी पेशींतही असते.

रक्ताच्या काही कर्करोगांत दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन सीडी-२० हे प्रथिन असलेल्या बी-पेशी (अँटिबॉडी तयार करण्याच्या कामातल्या पांढऱ्या पेशी) मारते, रोगट असोत वा निरोगी. त्या परतायला साधारण ६ ते १२ महिने लागतात. तोवर लस टोचली तरी अँटिबॉडी फारशा तयार होत नाहीत. म्हणून फ्लू-न्यूमोनियाची लस जमल्यास पहिल्या डोसाच्या २ ते ४ आठवडे आधी घ्यावी. त्याहून मोठी भीती हिपॅटायटिस बीची. दबून बसलेला हा विषाणू उसळला तर जीवावर बेतते. एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची नेहमीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली एवढ्यावर थांबू नये. जुना संसर्ग या विषाणूविरुद्धच्या कोअर अँटिबॉडीच्या तपासणीत सापडतो, तीही पहिल्या डोसाआधीच हवी.

स्तनाच्या कर्करोगातली पाल्बोसिक्लिब गोळी २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबवतात, हे एक चक्र. ती न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी मारत नाही, अस्थिमज्जेत त्यांची वाढ रोखते. म्हणून गोळी थांबली की आकडा लवकर सावरतो. पहिल्या दोन चक्रांत १ल्या आणि १५व्या दिवशी सीबीसी करतात. चक्राच्या सुरुवातीला न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटर रक्तात १०००च्या खाली असतील तर नवे चक्र पुढे ढकलतात. गफलत इथेच होते: रिपोर्ट न काढता पुढचे पाकीट आणले जाते, किंवा कमी आकडा पाहून घाबरून गोळी कायमची सोडली जाते. दोन्ही चूक.

रक्ताच्या काही कर्करोगांतली इब्रुटिनिब गोळी चालू असताना बुरशीचा संसर्ग बळावू शकतो. खोदकामाच्या धुळीत तिचे बीजाणू असतात, तेव्हा तिथून जाणे टाळावे. पपनस आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक यांनी इब्रुटिनिबची रक्तातली पातळी वाढते.

पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब या कर्करोगावरच्या इंजेक्शनांचे उलटे. ही प्रतिकारशक्तीचा ब्रेकच काढतात. मग जुलाब, कोरडा खोकला, धाप हा संसर्ग नसून आपल्याच पेशींचा हल्ला असू शकतो. त्याला बहुधा स्टेरॉइड लागते. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही असे होते. मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणून वाट पाहू नये.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की आधी आकडा आणि वेळ लिहावी, मग लगेच डॉक्टरांना फोन करावा. आधीच पॅरासिटामॉल घेतली तर ताप झाकला जातो. इमर्जन्सीत ‘कॅन्सरची गोळी चालू आहे’ एवढे सांगून भागत नाही. औषधाचे नाव, मात्रा, शेवटच्या डोसाची तारीख आणि शेवटचा सीबीसी लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी. रुग्णालयांनी ती पहिल्याच दिवशी हिंदी-मराठीत लिहून द्यावी, अशी आग्रहाची विनंती.

— एक औषधतज्ज्ञ, रामबाग, इंदूर