आई-बाबा, नवरात्राच्या आधी या

ती. आई, बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की मागे कुकर, बेल, ओजस, काहीतरी सुरूच असतं म्हणून लिहूनच पाठवतेय, एवढा मोठा मेसेज बघून घाबरू नका. ऑटिझम असला तरी तुमचा नातू ओजस छान आहे. निखिल आणि मी तेवढे छान नाही, तेच सांगायचंय.

आई, तू रोज फोन केलास की पहिला प्रश्न, "काही बोलला का गं आज?" तुझा जीव तुटतो ते कळतं, पण रोज "नाही" म्हणायचं म्हणजे मला नापासाचा निकाल सांगितल्यासारखं होतं. त्यापेक्षा आज काय केलं ते विचार ना. परवा आरतीला बिल्डिंगमधले लोक आले तेव्हा यानं दारातल्या सगळ्या चपला जोडीनं, टाचा भिंतीला टेकवून, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावल्या, एकही जोडी चुकली नाही. निघताना एका काकूंनी मधलीच चप्पल ओढली आणि हा जमिनीवर आडवा, किती वेळ रडत होता. सगळ्यांना रडणं दिसलं, ओळ कोणीच बघितली नाही. "जरा शिस्त लावा" हे मात्र जिना उतरताना ऐकू आलं.

रात्री अडीच-तीनला उठतो तो. त्रास देत नाही, पंख्याकडे बघून हसतो, गादीवर उड्या मारतो, पण कोणीतरी जागं लागतंच, मग एक रात्र निखिलची, एक माझी. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे थेरपीला कोण नेणार, सुट्टी कोणाची शिल्लक आहे, यावेळची फी भरली का, बास. आठवड्यातून तीनदा ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, दोनदा स्पीच थेरपी, आणि घरी येऊन तेच परत करून घ्यायचं. त्याचा फायदा दिसतोय, नाही असं नाही, आता पाणी हवं असलं की चित्राचं कार्ड आणून देतो. पण जेवताना, अंघोळ घालताना, कमाटीबागेत फिरतानासुद्धा मी त्याची टीचरच, नुसतं मांडीवर घेऊन बसायला मिळतच नाही. ऑटिझमवाल्या मुलांच्या आईवडिलांना इतर अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांपेक्षाही जास्त ताण असतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय म्हणे, डॉक्टरच म्हणाले. खरं सांगू, ऐकून बरं वाटलं मला.

आणि प्लीज, आत्याला सांगा, लसीमुळे ऑटिझम होतो असले व्हिडिओ पाठवणं बंद कर. ती हाकाटी उठली 1998 च्या एका पेपरवरून, जेमतेम 12 मुलांवरचा, आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या मेडिकल जर्नलनं तो 2010 मध्ये मागेही घेतला. मी प्रेग्नन्सीत नोकरी केली म्हणूनही झालेलं नाही हे. अंगारा, काढा, कोणाच्या ओळखीतलं चूर्ण, काहीही आणू नका.

त्यापेक्षा तुम्ही या. नवरात्राच्या आधी या आणि दिवाळी करूनच जा. इथला गरबा तुम्हाला माहितीये, आमच्या बेडरूमच्या खिडकीखालीच सोसायटीचे स्पीकर लागतात, आणि अख्खं बडोदं नाचत असताना हा कान दाबून कपाटामागे बसलेला असतो. मला गरबा आवडतो गं आई, गेल्या वर्षी खिडकीतूनच बघितला. मागच्या खोलीत आवाज कमी येतो, तिथे त्याला हेडफोन घालून जवळ कोणीतरी बसलं तरी पुरे.

आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तो पूर्ण तुमच्याकडे, आम्ही घरात नसणार. आधी थोडे दिवस मी शेजारी बसून दाखवेन. मागून एकदम उचलायचं नाही, "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरायची नाही, बाहेर जायच्या आधी चित्राचं कार्ड दाखवायचं, थालीपीठ अख्खंच द्यायचं, तुकडा पडला की संपलं. जमेल तुम्हाला. सल्ला द्यायला इथे रांग आहे हो, दोन तास सांभाळायला कोणी नाही. त्याचा कंटाळा नाही आला आम्हाला, तसं चुकूनही मनात आणू नका. पण त्याला कोणाच्या हातात द्यायचं म्हटलं तर हातच नाहीयेत.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं काम काढून ठेवलंय. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, म्हणून अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, करून घ्यायचंय. सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते. अपंगत्व 40 टक्के किंवा वर लिहून मिळालं की निखिलला जुन्या टॅक्स रिजीममध्ये निदान 75,000 ची वजावटही. फॉर्म अर्धे भरून पडलेत, एकेका रकान्यावर आमचं भांडण होतं. तुम्ही बँकेत जन्म काढलाय, ती फाइल तुम्ही घ्या, आणि ऑफिसात चकरा मारायच्या तर निखिलला बरोबर घेऊन मारा, त्यालाही कोणीतरी बोलायला हवंय, माझ्याशी तो हल्ली काही बोलत नाही.

अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढा, रात्री उशिरा पोचते पण निखिल स्टेशनवर येईल. आवाजाची खेळणी नकोत. आई, भाजणी मात्र भरपूर आण, इथल्या पिठाचं थालीपीठ तो तोंडात घेत नाही. बुकिंग झालं की कळवा, मी मागची खोली रिकामी करायला घेते.

तुमची,
मनू