माझ्या बाबांचा परवाना तुमच्याच कपाटात आहे, साहेब

माननीय राज्य उत्पादन शुल्क मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या परमिट रूमला सील ठोकलं. कारण काय, तर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायला मूळ मंजुरीचा कागद जोडलेला नाही. अहो, तो कागद तुमच्याच खात्याने पडताळणीसाठी नेला! पोच माझ्याकडे आहे. "नूतनीकरण अडणार नाही, मी बघतो," असं तुमच्या खात्यातल्या साहेबांनी फेब्रुवारीत सांगितलं. आता म्हणतात, फाईल सापडत नाही.

आमचं दुकान सिंधुदुर्गात, मुंबई-गोवा हमरस्त्यालगत. पणजोबांनी माडी विकायला सुरुवात केली तेव्हा 1878 चा अबकारी कायदा होता. माड छेदायचा तर सरकारात कर भरायचा. 1949 चा दारूबंदी कायदा आला, तशी आजोबांनी मडकी उतरवली आणि लिंबू-सोडा विकला. बंदी सैल झाल्यावर बाबांनी रीतसर परमिट रूम काढली. तो परवाना गल्ल्यामागे काचेत लावलेला असायचा, जांभळ्या शिक्क्याचा. बाबा म्हणायचे, "झिला, ह्यो कागद जपून ठेव. सरकार इसारता." तिथे आता भिंतीवर नुसता पांढरा चौकोन उरलाय.

डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमरस्त्यापासून 500 मीटरच्या आतली दारू बंद केली. 31 मार्च 2017 ला छोट्या गावांसाठी 220 मीटर केले. आम्ही त्यातही बसलो नाही. दुकान बंद झालं, वेटरचे पगार मी आईच्या पाटल्या मोडून दिले. पुढे दुकान पुन्हा उघडलं, तर 2023 मध्ये व्हॅट 5 चा 10 टक्के झाला, 2025 मध्ये परवाना शुल्क 15 टक्के वाढलं. तेही भरलं. आणि गोव्यातून चोरून येणारी दारू गावोगाव मिळते, तिला कुठला परवाना लागतो हो? नियम पाळणाऱ्याचाच पत्ता तुमच्याकडे पक्का असतो, म्हणून त्याच्याच दाराला सीलची लाख लागते. कायद्याचं नाव अजून दारूबंदी आणि तिजोरी भरते दारूवर, मग गुन्हेगार आम्ही कसे?

फाईल शोधा, नाहीतर हरवली असं लेखी द्या. आणि सील आधी काढा. दुकानामागेच आमचं घर आहे, विहिरीकडे जायचं दार दुकानातूनच आहे. माझी 78 वर्षांची आई सध्या शेजाऱ्यांच्या परसातून गडगा ओलांडून पाणी आणते आहे.

आपला,
एक परवानाधारकाचा मुलगा