झील धरणाऱ्यांचं गाणं

अटलांटा

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कलापथकातली मुलं यंदा ‘होंगे कामयाब’ बसवताहेत आणि ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं सपाट होतंय, असं तू लिहिलंस. मूळ इंग्रजी गाणं ‘वी शॅल ओव्हरकम’, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीचं; ते इथले लोक कसं म्हणत आणि ते कुठून आलं, हे विचारलंस. पत्र लांबेल, पण सगळं लिहिते. तालमीच्या वेळी हाताशी ठेव.

आधी एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसव. हे गाणं मंचावरच्यांसाठी बांधलेलं नाही. समोर बसलेल्यांनी ते म्हणावं म्हणून ते घडलं, तेही माईक नसताना, कागद नसताना, पुष्कळदा तुरुंगात. पोवाड्यात शाहिराइतकाच झीलकरी लागतो ना? इथे तर सगळा भार झीलकऱ्यांवरच आहे.

मुळात हे काळ्या लोकांच्या चर्चमधलं भजन, ‘आय विल बी ऑल राइट’. ‘मी एक दिवस तरून जाईन’ अशा अर्थाचं चार्ल्स टिंडली यांचं एक भक्तिगीत १९०१ च्या सुमारास छापलं गेलं होतं, त्यातलेही शब्द पुढे यात मिसळले. ऑक्टोबर १९४५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्‌स्टन गावी अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यात संप झाला. संपात पुढे होत्या त्या बहुतेक काळ्या बायका. पाचेक महिने त्या फाटकावर उभ्या राहायच्या आणि दिवस संपताना हे भजन म्हणायच्या. ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई ते फार ओढून, एकेका अक्षरावर हेल घेत म्हणायची. तिथे ‘मी’चं ‘आम्ही’ झालं. बर्निस जॉन्सन या गायिकेचं यावर एक म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. काळ्या चर्चमध्ये ‘मी’ म्हटलं तरी प्रत्येक जण स्वतःहून उभा राहतो आणि त्यातूनच समूह होतो. ‘आम्ही’ म्हटलं की एखाद्याला आड लपता येतं. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ सगळी दिंडी म्हणते, तसंच हे.

संपातल्या बायकांकडून ते टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये गेलं. कामगारांना आणि कार्यकर्त्यांना शिकवणारी ही शाळा. तिथल्या झिल्फिया हॉर्टन यांनी ते लोकगायक पीट सीगर यांना शिकवलं. सीगर यांच्या गळ्यात ‘विल’चं ‘शॅल’ झालं. ‘शॅल’ म्हणताना तोंड जास्त उघडतं, ‘विल’मधल्या ‘इ’वर लांब सूर नीट लागत नाही, असं ते सांगत. गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी शब्दांतही ही सोय आपसूक आली आहे. ‘कामयाब’मध्ये दोन ‘आ’ आहेत. अडचण आहे ती ‘हों’ची. मुलं तोंड उघडायच्या आधीच नाकात जातात आणि सूर तिथेच दबतो. ‘हो’वर सूर लांबवा, अनुस्वार अगदी शेवटी लावा. तेवढ्यानेच निम्मा फरक पडेल.

आता १९६०. १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले, आणि दोन महिन्यांत दक्षिणेतल्या कितीतरी गावांतून तेच सुरू झालं. एप्रिलमध्ये चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या एला बेकर यांनी या पोरांना रॅलेच्या शॉ विद्यापीठात एकत्र आणलं. तिथे हायलँडरच्या गाय कारावान यांनी हे गाणं उचललं, पोरांनी उभं राहून एकमेकांचे हात धरले आणि गाणं त्यांचं झालं. कारावान यांच्या गिटारीवर त्याला थोडी चाल होती. पोरांनी ते पुन्हा चर्चसारखं संथ केलं, पण प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन-तीन ठोके ठेवून. तुमचं गाणं सपाट होतंय ते इथेच. आपल्या शाळांनी त्याचं कवायतीचं गाणं केलं: एक-दोन, एक-दोन, पाय आपटत. मूळ डौल असा की चार संथ मात्रा, आणि प्रत्येक मात्रेत तीन दाणे. ढोलकीवाल्याला सांग, मात्रा मिनिटाला साठाच्या आतच ठेव आणि आतले तीन दाणे बोटांनी हलके वाजव, थाप नको. आधी ढोलकीशिवाय बसवलंत तर आणखी बरं.

पट्टी पांढरी एक, फार तर काळी एक. गाणं उचलणारी मुलगी एरवी काळी चारमध्ये म्हणत असेल, म्हणून सवयीने तीच पट्टी धरली जाते. मग तिसऱ्या ओळीत चाल तार षड्जाकडे चढली की मागची मुलगे मंडळी एक तर गप्प होतात, नाहीतर ओरडतात. पहिली ओळ आहे प प ध ध प म ग, सगळे शुद्ध. तुझ्याकडे चांगल्या कानाची चार मुलं असतील तर त्यांना खालून ग ग म म ग रे सा म्हणायला दे, आणि जाड आवाजाच्या एक-दोघांना नुसता सा धरायला लाव. तीन थर झाले की पंचवीस मुलांचा आवाज शंभरांसारखा भरतो. खालचा थर मात्र वेगळ्या तालमीत, वरच्या थराशिवाय पाठ करून घे. एकत्र बसवायला गेलास तर दहा मिनिटांत सगळे वरच्या चालीत घसरतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओळ फेकणं. चर्चमध्ये सगळ्यांकडे पुस्तकं नसत, म्हणून पुढारी ओळ आधी सांगायचा आणि मंडळी ती गायची. या गाण्यात एक ओळ बदलली की नवं कडवं होतं, बाकी सगळं तेच. कडव्याचा शेवटचा सूर सगळे धरून असतात, तेवढ्यात पुढच्या कडव्याचे दोन-तीन शब्द मोठ्याने बोलायचे, गायचे नाहीत. ‘हम चलेंगे साथ साथ’, बस. सूर चार मात्रांचा असेल तर तिसऱ्या मात्रेच्या आत शब्द पडायला हवेत. उशीर झाला तर अर्धे जुनं कडवं म्हणतात, अर्धे नवं, आणि जमाव एकदा फुटला की सावरायला अख्खं कडवं जातं.

या पद्धतीमुळेच गाणं जागच्या जागी बदलत गेलं. ३१ जुलै १९५९ च्या रात्री हायलँडरवर पोलिसांचा छापा पडला. दिवे बंद, झडती सुरू, आत माँटगोमेरीहून आलेली मुलं. त्यांतल्या १४ वर्षांच्या एका मुलीने अंधारात नवीच ओळ उचलली, ‘आम्ही भीत नाही’. तिने पुढे सांगितलं आहे की, तिच्यासमोरच्या पोलिसाचा हात थरथरत होता आणि इतक्या मोठ्याने गायलाच हवं का, असं त्याने विचारलं. आपल्या हिंदीतलं ‘नहीं डर किसी का आज’ हे तेच कडवं. मुलांना ते म्हणायला लावण्याआधी एवढं जरूर सांग. ‘काळे-गोरे एकत्र’ असंही एक कडवं इथे हमखास म्हणत. आपल्या शाळांतल्या रोजच्या हिंदी पाठात ते उतरलं नाही. तुमच्या तालुक्यात त्या जागी कोणती ओळ बसेल, ते मुलांनाच ठरवू दे.

इथून दक्षिणेला, याच जॉर्जिया राज्यात, ऑल्बनी नावाचं गाव आहे. १९६१ च्या अखेरीस तिथे जी चळवळ झाली तिला गाणारी चळवळच म्हणतात. बर्निस जॉन्सन तिथल्याच कॉलेजात शिकत होत्या. पहिल्या मोर्चाहून परतल्यावर त्यांना गाणं उचलायला सांगितलं. ‘माझ्या डोक्यावर, हवेत मला संकट दिसतं’ असं जुनं भजन होतं. त्यांनी ते उचललं आणि गाता गाता ‘संकट’च्या जागी ‘स्वातंत्र्य’ घातलं. तिथलंच दुसरं गाणं आहे ‘मला कोणी मागे फिरवू शकणार नाही’ अशा अर्थाचं. त्यात ‘कोणी’च्या जागी पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट यांचं नाव घालून लोक म्हणायचे. हे प्रिचेट हुशार. कॅमेऱ्यांसमोर लाठी चालवायची नाही, गुपचूप अटक करायची आणि गावचा तुरुंग भरला की लोकांना आसपासच्या जिल्ह्यांतल्या तुरुंगांत पाठवायचं, ही त्यांची रीत. डिसेंबरात पाचशेहून जास्त माणसं आत होती. लोकांना एकत्र धरून ठेवायला त्या वेळी मोठा आधार होता तो गाण्यांचा. ‘मागे फिरवू शकणार नाही’ हे गाणं जलद आहे, त्यात टाळी लागते, पण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपली मुलं समेवर टाळी देतील आणि गाणं जागेवरच बसेल. समेवर पाय, दुसरीवर टाळी, असं आधी चालता चालता करून घे.

१९६२ मध्ये ऑल्बनीतूनच ‘फ्रीडम सिंगर्स’ निघाले: बर्निस जॉन्सन, रूथा हॅरिस, कॉर्डेल रेगन, चार्ल्स नेब्लेट. चार जण, चार थरांचे आवाज आणि एक ब्यूइक मोटार. शॉ विद्यापीठातल्या त्या सभेतून निघालेल्या विद्यार्थी संघटनेसाठी पैसे उभे करत ते देशभर हिंडले. आपल्या कलापथकांनी आणि आंबेडकरी जलशांनी जे केलं, तीच ही जात.

तुरुंगातली एक हकीगत तर मुलांना सांगच. १९६१ च्या उन्हाळ्यात ‘फ्रीडम रायडर्स’ना, म्हणजे बसप्रवासातला काळा-गोरा भेद मोडायला एकत्र निघालेल्या काळ्या-गोऱ्या प्रवाशांना, मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात डांबलं होतं. पहारेकरी म्हणाले, गाणं बंद करा, नाहीतर गाद्या काढून घेऊ. लोखंडी पलंगावर गादी एवढीच काय ती सुखाची वस्तू. पोरांनी गाद्यांवरच ओळ रचली, ‘गाद्या न्या, खुशाल न्या’, आणि गातच राहिले. गाद्या खरंच गेल्या.

रेडिओवरच्या गाण्यांचं काय, असंही तू विचारलंस. त्यांचा भाग मोठा आहे, पण वेगळ्या प्रकारचा. बर्मिंगहॅममध्ये २ मे १९६३ ला हजाराच्या वर शाळकरी मुलं वर्ग सोडून मोर्चात आली. त्यांना निरोप दिला तो काळ्या लोकांच्या रेडिओवरच्या निवेदकांनी. गाण्यांच्या मध्येच ते म्हणाले, बागेत पार्टी आहे, टूथब्रश घेऊन या. टूथब्रश म्हणजे रात्र तुरुंगात, हे मुलांना बरोबर कळलं.

काळे गायक सॅम कुक यांची गोष्ट मला जास्त लागते. गोरे गायक बॉब डिलन यांचं ‘ब्लोइंग इन द विंड’ १९६३ मध्ये गाजलं; त्याची चाल गुलामीच्या काळातल्या एका काळ्या गाण्यावरून घेतलेली, हे डिलन यांनीच सांगितलं आहे. ते ऐकून कुक यांना वाटलं की, असं गाणं आपल्यातल्या कोणीतरी लिहायला हवं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात श्रीव्हपोर्टच्या हॉटेलात त्यांना काळे म्हणून खोली नाकारली, वर अटकही झाली. ३० जानेवारी १९६४ ला त्यांनी ‘अ चेंज इज गॉना कम’ ध्वनिमुद्रित केलं. पण रेडिओसाठी जी छोटी तबकडी निघाली, तिच्यातून नेमकं तेच कडवं गाळलं ज्यात गावात हिंडायला मज्जाव होतो. तबकडी बाजारात आली डिसेंबरात, कुक यांचा गोळी लागून मृत्यू झाल्यानंतर. दुसऱ्याच्या हातातल्या यंत्रावर गेलेलं गाणं असं कापलं जाऊ शकतं. पार्चमनमध्ये गाद्या गेल्या, ओळ गेली नाही.

१९६६ पासून तरुण पोरांना ‘एक दिन’ नकोसा झाला. त्यांना आजच हवं होतं. ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा आली, ब्लॅक पँथर पक्ष निघाला, ज्याच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. १९६८ मध्ये जेम्स ब्राउन यांनी ‘मोठ्याने म्हणा, मी काळा आहे आणि मला अभिमान आहे’ हे गाणं केलं, तेव्हा उत्तरातली ओळ म्हणायला सुमारे ३० मुलं स्टुडिओत आणली. ताल पार बदलला होता, पण ओळ फेकायची आणि झेलायची रीत तीच.

हक्कांचंही सांगते. इंग्रजी गाण्यावरचा कॉपीराइट २०१८ मध्ये तडजोडीने सुटला, आता ते सर्वांचं आहे. हिंदी शब्दांसाठी कार्यक्रमात माथुरांचं नाव घ्या.

उभं राहायचं ते असं: उजवा हात डाव्यावरून फुलीसारखा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात धरायचे. त्यामुळे खांद्याला खांदा लागतो. डोलायचं ते मात्रेगणिक, पहिल्यांदा सगळ्यांनी डावीकडे, नाहीतर रांग एकमेकांवर आदळते. तुझी मुलं मंचावर रांगेत उभी न करता प्रेक्षकांत पाच-पाच विखरून बसव. उचलणारी एकटी पुढे. शेवटचं कडवं नुसतं ओठ मिटून गुणगुणा, तेव्हा ढोलकी पूर्ण बंद.

तालमीचं ध्वनिमुद्रण पाठव. खालचा थर ऐकू येतो का, ते कळवते. आईला नमस्कार, वहिनीला आणि मुलांना आठवण.

तुझी,
छोटी